मोकळी तार

वडगाव, बेळगाव
३ नोव्हेंबर २०२५

आदरणीय सत्यवती कांबळे सिस्टर यांस,
सविनय नमस्कार.

आपण मला ओळखत नाही. माझे नाव मंथन भरमू हवळ. वय वीस. मच्छेला एका कारखान्यात पॅकिंगला जातो. घरी दोन यंत्रमाग आहेत, ते आप्पा बघतात. आपला पत्ता आपल्या नातवाकडून, प्रशिककडून मिळाला. तो म्हणाला, फोनवर आजीला ऐकू येत नाही, पत्र लिहा, ती उत्तर देते. मलाही ते बरे वाटले, कारण फोनवर माझे शब्द अडकतात. कागदावर अडकले तर खोडून पुन्हा लिहिता येतात. हे पत्र आधी कच्चे लिहून मग पक्के केले आहे, तरी काही चुकले असल्यास माफ करावे. माझी दहावी अर्धीच झाली आहे.

काम असे की, आमच्या गल्लीतले वाचनालय एक लहान पुस्तिका काढणार आहे. विषय माळावरचा साथीचा दवाखाना. तो आता पाडणार आहेत. वडगावात असे एक घर नाही की ज्यातले कोणी तिथे गेले नाही. पण विचारायला गेले की म्हातारी माणसे ‘लई माणसं मेली’ एवढेच म्हणतात आणि चहा मागवतात. लिहायचे काम माझ्याकडे आले, कारण मंडळाच्या फळ्यावर मीच लिहितो आणि माझे ऱ्हस्वदीर्घ सहसा चुकत नाही.

आपण तिथे निवृत्त होईपर्यंत नर्स होता, आपल्या सासूबाईही तिथेच आया होत्या, असे प्रशिकने सांगितले. तरी दवाखाना कसा सुरू झाला, कोणकोणत्या साथी येऊन गेल्या, आत जायला बंदी असताना घरची माणसे आजाऱ्याला कशी भेटत, हे आपल्याला आठवेल तसे कळवावे.

आणखी एक किरकोळ प्रश्न. तारेवर कापड टाकायची एक पद्धत होती असे आमचे आजोबा सांगायचे. तिच्याबद्दल काही ठाऊक असल्यास लिहावे. नसल्यास राहू द्या.

सोबत तिकीट लावलेले पाकीट ठेवले आहे.

आपला नम्र,
मंथन भरमू हवळ


निपाणी
१४ नोव्हेंबर २०२५

चि. मंथन यास जय भीम.

एवढ्या नमस्काराचं पत्र मला सरकारनं पेन्शन देतानासुद्धा पाठवलं न्हाई. ‘आदरणीय’ एकदा म्हटलं की पुरे, बाळ. मला सगळे सिस्टर म्हणतात, नाहीतर आक्का म्हण.

तू विचारलंस म्हणून बसले लिहायला. माळावर सुरुवातीला इमारत नव्हतीच. प्लेगात वेशीबाहेर पत्र्याच्या आणि तट्ट्याच्या झोपड्या टाकल्या, आजाऱ्याला उचलायचं आणि तिथं न्यायचं. दगडी वॉर्ड पुढं कधीतरी बांधले. हे मी बघितलेलं न्हाई, माझ्या सासूबाई, बायडाबाई, सांगायच्या. त्यांच्या माहेरची माणसं झोपड्यांच्या काळापासून तिथं राबली. आजाऱ्याला हात लावायला कोण तयार नव्हतं, मग महारवाड्यातनं माणसं बोलावली. गावात ज्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्यांच्या हातचं माळावर चाललं. बरा होऊन गावात परतला की तोच माणूस त्यांना परत लांब उभं करायचा. सासूबाई हे हसून सांगायच्या. मला हसू यायचं न्हाई.

पुढं पटकी आली, देवी आली. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला घटसर्पाचा वॉर्ड असायचा, सगळी बारकी पोरं. त्यांच्या आया तारेपाशी बसून मोठ्यानं पाळणे म्हणायच्या. एकीनं म्हटला तरी सगळी पोरं गप व्हायची, कुणाची आई कोणती हे त्यांना कुठं कळतंय.

तारेचं म्हणशील तर ते खरं आहे. घरच्यांना आत सोडत नव्हते. वॉर्डासमोर बरंच अंतर सोडून तार होती. त्या आधी नुसता काथ्याचा दोर होता म्हणे. घरचं माणूस यायचं आणि तारेवर आपल्या घरचं कापड टाकायचं, लुगडं, धोतर, पोराची कुंची. एवढ्या लांबून तोंड ओळखत न्हाई, कापड ओळखतं. खिडकीतल्या माणसाला कळायचं, आपलं कोणतरी आलंय.

आणि माणूस गेलं की दवाखान्यातली आया ते कापड काढून आत न्यायची. ओरडून सांगायचं न्हाई असा नियमच होता. एकाचं नाव ओरडलं की सगळा वॉर्ड धीर सोडायचा. कापड घरी परत जात नव्हतं, माणसाबरोबरच जायचं. घरचे आले, आपल्या कापडाच्या जागी तार मोकळी दिसली, की काही न विचारता परत फिरायचे. तुमच्या वडगावात अजून म्हणतात ना, ‘अमक्याची तार मोकळी झाली’?

हा प्रश्न तू किरकोळ म्हणून शेवटाला टाकलास. पण त्याच ओळीवर तुझी शाई जास्त पसरलीय. काय रं?

सत्यवती


वडगाव
२३ नोव्हेंबर २०२५

आदरणीय सिस्टर,

आपले पत्र वाचनालयात सगळ्यांना वाचून दाखवले. झोपड्यांचा भाग दोनदा वाचायला लावला. नंतर अध्यक्ष म्हणाले, हे असेच्या असे छापायचे, एक शब्द गाळायचा नाही. मी तो भाग पक्का करून ठेवला आहे.

होय, ‘तार मोकळी झाली’ असे आमच्याकडे अजून म्हणतात. दवाखाना न पाहिलेली माणसेही म्हणतात.

शाई पसरली ती पेनामुळे. आता नवीन घेतले आहे.

पुस्तिका अपुरी राहू नये म्हणून २०२१ सालाबद्दलही लिहावे, असे मला वाटते. कोरोनाच्या त्या उन्हाळ्यात दवाखाना पुन्हा उघडला होता आणि आपल्याला निवृत्तीनंतर परत बोलावले होते, असे प्रशिककडून कळले. तेव्हा कापड टाकायची पद्धत चालू होती का? आणि कधी असे घडले का की आतले माणूस असतानाच त्याचे कापड काढले गेले? म्हणजे वाऱ्याने, किंवा चुकून. हे फक्त नोंदीसाठी विचारतो.

आपली तब्येत सांभाळावी.

आपला नम्र,
मंथन


निपाणी
९ डिसेंबर २०२५

चि. मंथन,

उशीर झाला. गुडघ्यानं बसवलंय.

त्या उन्हाळ्याचं मी कुणाशी बोलत न्हाई. पण तू नोंदीसाठी विचारतोस, तर नोंदीपुरतं सांगते. मला बोलावलं तेव्हा पोरगा नको म्हणाला, सून रडली. मी म्हटलं, सासूबाई असत्या तर आधी चपला घालून दारात उभ्या राहिल्या असत्या.

सगळ्यांकडं मोबाईल असतानाही पद्धत परत सुरू झाली. कुणी सांगितलं न्हाई. वडगाव-शहापूरच्या माणसांनी पहिल्याच आठवड्यात तारेवर कापडं टाकली. मोबाईलची बॅटरी संपायची, चार्जर हरवायचे, मास्क लावून बोलता यायचं न्हाई. कापडाला त्यातलं काही लागत न्हाई.

चुकून काढल्याचं म्हणशील तर चुकून न्हाई, पण एक झालं होतं. तुमच्या वडगावचीच एक बाई होती. आजाऱ्याचं नाव सांगायचं नसतं म्हणून सांगत न्हाई. तिचं पोरगं रोज सकाळी यायचं आणि तारेवरचं आपलं लुगडं झटकून परत टाकायचं, काठाची उलटी बाजू खिडकीकडं करून. शेजारच्या खाटेवरच्या बायका हसायच्या, म्हणायच्या, पोराला लुगडं टाकायचं पण कळंना. ही म्हणायची, “त्येला कळतंय. मागावर बसणाऱ्याला लुगड्याची उलटीच बाजू दिसती. सुलटी बघायला मला कुणाच्या तरी लग्नाला जावं लागतंय.”

मग एक दिवस तिला थंडी वाजायला लागली आणि ते लुगडं मी आत आणून तिला पांघरलं. बाहेरची वस्तू आत आणायची न्हाई असा हुकूम होता. पण एवढं चालतंय. त्यानंतर ती दोन दिवस होती. अमावास्येला पहाटे गेली.

हे छापू नको. एवढंच होतं.

थंडी पडलीय, स्वेटर घालून कामावर जा.

सत्यवती


निपाणी
२२ जानेवारी २०२६

चि. मंथन,

तुझं पत्र न्हाई. आधी वाटलं पुस्तिकेच्या कामात असशील. मग वाटलं पोस्टानं घोळ घातला. संक्रांतीला तिळगूळ पाठवला तो तरी पोचला काय? प्रशिकला तुला फोन करायला सांगितलं, तो म्हणतो उचलत न्हाई.

मी मागचं पत्र परत परत आठवते. त्यात तुला लागण्यासारखं काय होतं? तू पहिल्यापासून एकाच गोष्टीभोवती फिरतोयस आणि मी ऐकू येत न्हाई तशी वागले. बाळ, तू त्या उन्हाळ्यात कुठं होतास?

सत्यवतीआक्का


वडगाव
३ फेब्रुवारी २०२६

सिस्टर,

तिळगूळ पोचला. उत्तर दिले नाही ही माझी चूक. चार वेळा लिहिले आणि फाडले.

ती बाई माझी आई. अक्काताई भरमू हवळ, माहेर नंदगड. लुगडे टाकणारा मी. आमच्या घरात एक हातमाग उरला होता, तो तिचा. ते लुगडे तिनेच विणलेले होते.

मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो. रोज सकाळी जायचो, दुपारपर्यंत उभा राहायचो. तिचा मोबाईल बंद पडला होता. आपण लिहिलेल्या त्या दिवशी, चैत्र वद्य त्रयोदशीला, मी थोडा वेळ पाणी प्यायला रस्त्यापलीकडे गेलो आणि परत आलो तर तार मोकळी होती. मी खाली वाकून लुगडे शोधले. बाभळीत अडकले का पाहिले. रखवालदाराला विचारले, त्याला माहीत नव्हते. मग घरी आलो. आप्पांना सांगितले. ते मागावर होते. त्यांनी बटण बंद केले आणि म्हणाले, “तार मोकळी झाली रं.” आम्ही डोक्यावरून पाणी घेतले. त्याच संध्याकाळी मला ताप भरला. दुसऱ्या दिवशी माणसे येऊन आमच्या दाराला पट्टी लावून गेली.

अमावास्येला दुपारी ऑफिसातून फोन आला की पेशंट आज वारला. आप्पा म्हणाले, “आत्ता सांगतात व्हय.” पुढे दाखला आला, त्यावरही अमावास्येचीच तारीख. आप्पा म्हणाले, त्या वर्षी कुणाची तारीख बरोबर होती. आम्ही दरवर्षी त्रयोदशीला तिच्या नावाचे पान वाढतो. मी ती तारीख दाखल्यावर इतक्या वेळा पाहिली आहे की घडीवर कागद फाटला. म्हणूनच मी आपल्याला पत्र लिहिले. पुस्तिका खोटी नाही, ती निघणारच आहे. पण माझे काम हेच होते.

म्हणजे दोन दिवस ती होती. आम्ही घरात तिच्यासाठी रडत होतो आणि ती तिथे खिडकीपाशी होती, समोर मोकळी तार आणि मी नाही.

मला एवढेच सांगा. तिने तारेकडे पाहिले का? तिला काय वाटले? मला बरे वाटावे म्हणून काही लिहू नका.

मंथन


निपाणी
१९ फेब्रुवारी २०२६

माझ्या लेकरा,

तुझं पत्र आलं आणि मी दोन दिवस कुणाशी बोलले न्हाई. सुनेला वाटलं कान अजून गेले.

तू म्हणतोस बरं वाटावं म्हणून लिहू नका. मग ऐक. थंडीचं मी खोटं लिहिलं होतं. चैत्रातल्या बेळगावात दुपारची थंडी कुणाला वाजतीया? छापलं जाईल, वाचणारे म्हणतील आई अशी कशी, म्हणून ते लिहिलं. पण वाचणारा तूच निघालास.

त्या दिवशी ती उशीला टेकून बसली होती. तू तारेपाशी उभा होतास आणि तुला खोकला आला. गुडघ्यावर हात ठेवून तू वाकलास, परत उभा राहिलास, परत वाकलास. ती बघत होती. नंतर तू रस्त्याकडं गेलास. तिनं मला हातानं बोलावलं, मास्क बाजूला केला.

“सिस्टर, तेवढं लुगडं आत घ्या.”

मी विचारलं, थंडी वाजतीया काय.

“न्हाय. त्येनं हितं यायचं न्हाय आता. उन्हात हुबा ऱ्हातोय, अंगात कणकण घिऊन. मी न्हाय म्हटलं तर ऐकणार न्हाय, माझ्यावर गेलाय.”

मी म्हटलं, अगं बाई, तुला ठावं हाय का, तार मोकळी दिसली तर काय समजतील?

“मी वडगावात नांदले न्हवं? ठावं हाय. समजू देत. रडंल आणि घरात निजंल. निजला तर वाचंल.”

मी उभीच राहिले. ती म्हणाली, “जावा की वो, परत येतंय ते.” मी गेले आणि लुगडं काढून आणलं. कुणी परत तिथं उभं केलं तर परत आणीन.

तू परत आलास, वाकून शोधलंस, बाभळीत बघितलंस, ते सगळं तिनं बघितलं. तू फिरलास तेव्हा मी तिच्या तोंडाकडं बघितलं न्हाई. माझ्याच्यानं झालं न्हाई.

आता तुझा प्रश्न. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तारेकडं बघितलं. तार मोकळीच होती. “आला न्हाय,” म्हणाली, आणि जरा पेज प्याली. ते लुगडं तिच्या मांडीवर होतं. बोटं काठावरनं फिरवत होती, उलट्या बाजूनं, जिथं धागे मोकळे सुटलेले असतात तिथनं. एका जागी थांबून मला म्हणाली, हितं बघा, हितं नक्षी चुकलीया. मी जेवायला उठले तवा पोरानं मागावर बसून धोटा फेकलाता. उसवायला पायजे हुतं, पर म्हटलं ऱ्हाऊ दे.

त्याच दिवशी दुपारी तिनं परत विचारलं, “आला काय?” मी म्हटलं, न्हाई. “शहाणा हाय,” म्हणाली. पण तोंड खिडकीकडंच ठेवलं. संध्याकाळी मी पडदा ओढायला गेले, तर हातानं नको म्हणाली.

तू सांगितलंस म्हणून हेही लिहिते. तिनंच तुला पाठवून दिलं आणि तिनंच तुझी वाट बघितली. दोन्ही एकाच बाईनं केलं. मी पुष्कळ माणसं जाताना बघितली, दोन्ही करणारी थोडीच.

ती गेल्यावर, त्या काळ्या पिशवीत घालायच्या आधी, मी तिला त्या लुगड्यात गुंडाळलं. घाईत कोणती बाजू आत गेली ते मी बघितलं न्हाई. तू विचारशील म्हणून आधीच सांगते.

तुझी,
आक्का


वडगाव
८ मार्च २०२६

आक्का,

आपले पत्र मी कारखान्यात खोक्यांच्या मागे बसून वाचले. सुपरवायझर आला, मला बघून परत गेला.

धोटा मी फेकला होता. आठवीत होतो. तिने मला मारले असे मला आठवत होते. मारले नव्हते, आता आठवते. नुसती बघत बसली होती.

आता मला दुसरीच काळजी लागली आहे. आप्पांना सांगू का? ते त्रयोदशीला सकाळी आंघोळ करून स्वतः तिचे पान वाढतात. तिला आवडायची म्हणून लसणाची चटणी स्वतः कांडतात, एरवी चुलीपाशी जात नाहीत. कावळा शिवला की माझ्याकडे बघून मान हलवतात. आता सांगायचे की ज्या दिवशी आपण पान वाढतो त्या दिवशी ती पेज पीत होती? चार वर्षे आपण चुकीच्या दिवशी तिला हाका मारल्या? आणि तार मोकळी आहे हे सांगायला त्यांच्याकडे मीच गेलो होतो.

तिच्या हातमागावर एक अर्धे लुगडे तसेच आहे. आप्पांनी ते कापू दिले नाही. माग उंदीर खराब करतील म्हणून त्यावर चादर घालतात. असा माणूस हे कसे ऐकेल?

न सांगता आपण दोघांनीच ठेवले तर चालेल का? आपण म्हणाल तसे करतो.

पुस्तिकेत मी पद्धत लिहिली आहे, आईचे काही लिहिले नाही.

आपला,
मंथन


निपाणी
२८ मार्च २०२६

चि. मंथन,

काय करायचं ते मी न्हाई सांगणार. ती तुझ्या आप्पांची बायको, माझी न्हाई. त्यांच्या वाटणीचे दोन दिवस आपण दोघं खिशात घालून बसायचे काय? बघ बाबा तुझं तू.

यायचं मनात होतं. चौदा एप्रिलची जयंती झाली की बेळगावला येईन म्हटलं, तर डॉक्टर गुडघ्यात सुई टाकणार म्हणतो. पोरं सोडत न्हाईत.

माळावरचं पाडायला सुरुवात झाली असं प्रशिक सांगतो. तार हाय काय अजून?

आक्का


वडगाव
१८ एप्रिल २०२६

आक्का,

तार आहे. मागच्या बाजूने पाडत आणले आहे, घटसर्पाचा वॉर्ड गेला, स्वयंपाकघर गेले. आईची खिडकी अजून आहे, गज काढून नेले आहेत.

आप्पांना मी दशमीला सांगितले. तोंडाने सांगता येईना, शब्द अडकले, म्हणून आपले पत्र त्यांच्या हातात दिले. त्यांनी चष्मा लावून सगळे वाचले, शेवटचे पान दोनदा वाचले, घडी करून मला परत दिले आणि मागाचे बटण दाबले. रात्री जेवले नाहीत. मला वाटले, चुकलो.

त्रयोदशीला त्यांनी पान वाढले नाही. मी कामावर रजा टाकली आणि आईचे एक जुने लुगडे घेऊन माळावर गेलो. तिथला मुकादम गुंजीचा आहे. लुगडे बघून विचारू लागला, काय, धुणे वाळत घालता काय इथे? मी जमेल तसे सांगितले. त्याने लुगड्याचा काठ हातात घेऊन बघितला. मग म्हणाला, आमच्या आजीलाही इथेच आणले होते म्हणतात. त्याने त्या बाजूचे काम थांबवले आणि माणसे दुसऱ्या भिंतीला लावली.

मी लुगडे टाकले आणि दुपारपर्यंत उभा राहिलो. त्या दोन दिवसांत जे राहिले ते आता केले तर काय होणार, हे मला कळते. तरी उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर आप्पा घरात नव्हते. हातमागावरची चादर खाली पडली होती. माग मोकळा होता.

मी पळत माळावर गेलो. ते तारेपाशी होते. आईचे अर्धे लुगडे माझ्या लुगड्याच्या शेजारी टाकत होते. कापड नीट पडेना. पडले ते उलटे पडले, काठाची आतली बाजू खिडकीकडे. मला वाटले त्यांना दिसले नसेल.

मी म्हटले, “आप्पा, उलटं पडलंय.”

ते म्हणाले, “असू दे. तिला सुलटं कुठं ठावं हाय.”

मग आम्ही दोघे उभे राहिलो. त्यांनी येताना डब्यात लसणाची चटणी आणि भाकरी आणली होती. पान वाढायला नव्हे, आमच्यासाठी. तिथेच बसून खाल्ली. खाताना ते म्हणाले, त्या दिवशी तू मला सांगायला आलास तेव्हा मीच माळावर जायला पाहिजे होते. मी म्हटले, गेला असता तर तिने तुम्हालाही घालवले असते. तेव्हा ते पहिल्यांदा हसले. म्हणाले, “व्हय. लई खमकी हुती.”

काल अमावास्या होती. गल्लीतले माग नेहमीप्रमाणे बंद होते. घरी पान वाढले आणि संध्याकाळी आम्ही परत माळावर गेलो. कापडे काढायची वेळ झाली होती. पण बाहेरच्या माणसाने कापड काढायचे नसते, ते काम आतल्या माणसाचे. तशी पद्धत आपणच लिहिली आहे. आतले म्हणावे असे आता आपल्याशिवाय आम्हाला कोणी नाही.

आम्ही काढली नाहीत. मुकादमाला सांगितले आहे, तो म्हणाला, ती बाजू सगळ्यात शेवटी पाडू. गुडघा बरा झाला की या. आप्पा निपाणीला गाडी घेऊन येतील, त्यांनी स्वतःच तसे म्हटले आहे. उलटे पडलेले आधी काढा.

आपला,
मंथन